‘चेक’ची पार्श्वभूमी: शहापासून धनादेशापर्यंत

तपासणे, रोखणे, बुद्धिबळातला शह, कापडावरच्या चौकड्या, बँकेचा चेक, अमेरिकेत तर हॉटेलचं बिलसुद्धा: इंग्रजी ‘चेक’चे हे सगळे अर्थ फारसी ‘शाह’ म्हणजे राजा या एकाच शब्दातून फुटले आहेत. मराठीतला ‘शह’ही तिथूनच आला.

राजावर हल्ला झाला की फारसी खेळाडू ‘शाह’ म्हणून समोरच्याला सावध करत. अरबांमार्फत शब्द युरोपात गेला, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेक’ झाला आणि सुरुवातीचा ‘एस’ गळून इंग्रजीत ‘चेक’ उरला. त्याच्याच फ्रेंच अनेकवचनातून ‘चेस’ आला. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. अरबी क्रियापदावरून याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सर्रास सांगतात. पण फारसीत ‘मात’ म्हणजे हतबल, आणि खेळाला हाच अर्थ जास्त लागू पडतो. पटावर राजा मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही. आपलं ‘मात करणे’ही याच घरातलं.

शह बसला की बाकीचे बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. म्हणून ‘चेक’ला अडवण्याचा, लगाम घालण्याचा अर्थ आला. गैरव्यवहाराला लगाम घालायचा तर हिशेब पडताळून पाहावा लागतो. त्यातून ‘तपासणे’ हा आज सर्वांत रुळलेला अर्थ बराच उशिरा, सतराव्या शतकात पक्का झाला.

कापडाची गोष्ट वेगळ्या वाटेने जाते. बुद्धिबळाच्या पटाला जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्चेकिएर’ म्हणत. पटासारख्या चौकड्यांना ‘चेक’ हे नाव त्यावरूनच पडलं. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल मोजायला सुमारे १० फूट लांब, ५ फूट रुंद मेज असे. त्यावर रेघा आखलेलं काळं कापड अंथरत, म्हणून त्या खात्यालाच पटाचं नाव पडलं: एक्स्चेकर. कापडावर पेनी, शिलिंग, पौंड, वीस पौंड, शंभर पौंड असे रकाने असत. २३ पौंड ७ शिलिंग ५ पेनी मांडायचे तर विसाच्या रकान्यात १ सोंगटी, पौंडात ३, शिलिंगात ७, पेनीत ५. पेनीच्या रकान्यात १२ झाल्या की त्या उचलून शिलिंगात १ ठेवायची. २० शिलिंगांचा पौंड. रोमन आकड्यांत लिहून बेरीज करणं फार जिकिरीचं, म्हणून हा खटाटोप. एक्स्चेकरमधलं ‘एक्स’ मात्र चुकीने घुसलं: फ्रेंच ‘एस’ हे लॅटिन ‘एक्स’चंच रूप असावं, असं लिहिणाऱ्यांनी धरून चाललं.

बँकेचा चेक म्हणजे आधी स्थळप्रत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला, हुंडीत खाडाखोड झाली तर पडताळता यावी म्हणून जवळ ठेवलेल्या भागाला ‘चेक’ म्हणत. पुढे ते नाव पैसे देण्याच्या आदेशालाच लागलं. शेवटी ‘क्यू-यू-ई’ असलेलं स्पेलिंग एक्स्चेकरच्या प्रभावाने ब्रिटनमध्ये रूढ झालं. भारताच्या १८८१च्या परक्राम्य संलेख अधिनियमातही, म्हणजे चेक-हुंड्यांच्या कायद्यातही, तेच आहे. अमेरिकेत बँकेच्या चेकलाही तपासण्याच्या ‘चेक’चंच स्पेलिंग चालतं, आपल्याकडे धनादेशासाठी ते लिहिलं तर चूक धरतात.

उच्चारात मात्र दोन्ही अगदी सारखे. ‘क्यू-यू-ई’चा फक्त ‘क्’, ‘चेक्यू’ नाही. स्वर मराठी ‘ए’पेक्षा आखूड आणि किंचित उघडा असतो. पण तोंड जास्त उघडून तो ‘चॅक’कडे नेऊ नये. ‘एक्स्चेकर’मध्ये आघात ‘चे’वर येतो.