श्रेयांक

विद्यापीठीय अभ्यास मोजण्याचे एकक. बोलताना सगळे ‘क्रेडिट’च म्हणतात. श्रेयांक आणि गुण यांची गल्लत नेहमी होते. चार श्रेयांकांच्या विषयात कोणी काठावर पास होवो की पहिला येवो, पदरात चारच पडतात. नापास झाल्यास एकही नाही. गुणांचा परिणाम श्रेणीवर होतो, श्रेयांकांवर नाही.

मोजणी तासांवर चालते. सत्रात १५ तास शिकवणे म्हणजे एक श्रेयांक. प्रात्यक्षिक, क्षेत्रप्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षण (इंटर्नशिप) असेल तर तेवढ्याच एका श्रेयांकासाठी ३० तास लागतात. यावलच्या विद्यार्थ्याने केळीच्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळेत १२० तास काम केले, तर चार श्रेयांक.

खानदेशातील जळगाव, धुळे व नंदुरबार हे तिन्ही जिल्हे १९९० मध्ये पुणे विद्यापीठातून वेगळ्या झालेल्या आणि २०१८ पासून कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभलेल्या विद्यापीठाकडे आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर राज्याने श्रेयांकांचे कप्पे पाडले: मेजर (मुख्य विषय), मायनर (दुय्यम विषय), खुले वैकल्पिक, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानप्रणाली, समुदाय सहभाग इत्यादी. गोंधळ होतो तो इथेच. एका कप्प्यातले श्रेयांक दुसऱ्यात चालत नाहीत. खुले वैकल्पिक तर मेजरच्या विद्याशाखेबाहेरचेच हवे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थिनीने तिथे वनस्पतिशास्त्र घेऊन भागत नाही. धडगावच्या पाड्यावर केलेले सर्वेक्षण समुदाय सहभागात धरले जाईल, मेजरची तूट त्याने भरणार नाही. तीन वर्षांच्या पदवीला १२० ते १३२ श्रेयांक लागतात, पण नुसती बेरीज जुळून उपयोग नसतो, प्रत्येक कप्पा भरावा लागतो. प्रवेशाच्या गर्दीत हे समजावून सांगायला काउंटरवर कोणाला सवड असते?

मिळालेले श्रेयांक ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या ऑनलाइन खात्यात जमा होतात. २०२१ च्या नियमांनुसार ते सर्वसाधारणपणे सात वर्षे वापरता येतात, आणि एकदा पदवीसाठी वापरले की खात्यातून वजा होतात. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ संकेतस्थळावरचे ऑनलाइन अभ्यासक्रमही धरले जातात, मात्र एका सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या ४० टक्क्यांपर्यंतच, आणि तेही आपल्या विद्यापीठाने मान्य केलेले असतील तर. शहाद्याहून पुण्याला जाणाऱ्याचे श्रेयांक त्याच्यासोबत जातात खरे. ते कोणत्या कप्प्यात बसवायचे, हे मात्र नवे विद्यापीठ ठरवते.