मसाज गावात असणं आणि मसाज गावाचा असणं

थायलंडच्या सहलींच्या जाहिरातींत हल्ली ‘खेड्यातला पारंपरिक मसाज’ हमखास दिसतो. या नावाखाली दोन वेगळे धंदे चालतात. एकात कंपनी गावात येते: घर भाड्याने घेते, चारपाच बायका रोजावर ठेवते, व्हॅनने पाहुणे आणते आणि तासा-दोन तासांनी परत नेते. दुसऱ्यात गावच ठरवतं: दर किती, पाहुणे किती, आज पाळी कोणाची आणि गावनिधीत काय जायचं. गादी तीच आणि गवती चहाचा वासही तोच, म्हणून फसायला होतं.

मुळात ही विद्या शेतकऱ्यांची. भातशेतीत पाठ धरली की माणूस गावातल्याच मालीशवाल्याकडे जायचा. बँकॉकच्या वाट फो मंदिरातले या विद्येचे शिलालेख थायलंडचा राजा तिसरा राम याच्या काळातले, १८३०च्या दशकातले. तिथली पारंपरिक वैद्यकाची शाळा १९५५ची. युनेस्कोच्या वारसा यादीत ‘नुआत थाय’, म्हणजे हाच पारंपरिक थाई मसाज, आला तो २०१९ साली. शहरातल्या स्पामध्ये मिळतो तो बहुधा अशा शाळांतून बांधून दिलेला क्रम. खेड्यात मात्र प्रांतागणिक तऱ्हा बदलते.

उत्तरेतल्या लान्ना भागातलं ‘याम खांग’ घ्या. वैद्य आपला तळपाय प्लाय या आल्याच्या जातीतल्या कंदाच्या तेलात किंवा तिळाच्या तेलात बुडवतो, निखाऱ्यांवर तापलेल्या नांगराच्या फाळावर क्षणभर टेकवतो आणि त्याच गरम पायाने रोग्याची पाठ दाबतो. कंपनीच्या फेरीत हे पाच मिनिटांचं प्रात्यक्षिक होतं. लोक मोबाइल वर धरतात, धूर निघतो, टाळ्या. गावाच्या हाती कारभार असेल तर वैद्य आधी दुखणं विचारतो, आणि नको वाटलं तर सरळ नाही म्हणतो. कमिशनवर बसलेल्याला ‘नाही’ परवडत नाही.

कागदपत्रांत मात्र दोघांना सारखीच सक्ती. थायलंडच्या २०१६च्या कायद्याप्रमाणे मसाजच्या दुकानात काम करणाऱ्याची नोंदणी लागते, त्यासाठी साधारण १५० तासांचं प्रशिक्षण. इथे मला गावाची बाजू लंगडी वाटते. पिढीजात हात असलेल्या म्हाताऱ्याकडे हा कागद नसतो, कंपनीने नेमलेल्या पोरीकडे असतो.

गावाने चालवलेल्या पर्यटनाचं नावाजलेलं उदाहरण म्हणजे उत्तरेतल्या च्यांग माई शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरचं मे काम्पोंग. चहाची पानं मुरवणाऱ्यांचं गाव. २०००च्या सुमारास त्यांनी होमस्टे सुरू केले, पाहुणे पाळीपाळीने घरोघर वाटले, मिळकतीतला वाटा गावाकडे ठेवला. पण नाव झालं तशी सुट्टीच्या दिवशी गर्दी उसळू लागली, बाहेरच्यांचे कॅफेही आले. म्हणजे एकाच गल्लीत दोन्ही प्रकार शेजारी नांदू शकतात. ‘हे गाव खरं, ते खोटं’ असा शिक्का मारायची घाई नको.

बुकिंग करताना पाटीवरच्या ‘ऑथेंटिक’ शब्दाकडे बघू नका. पैसे कोणाच्या हातात जातात ते विचारा. मसाज करणारी बाई पाहुणे नसताना गावातल्या लोकांनाही बघते का, हेही विचारा. आणि दर गावाने ठरवलेला असेल तर तिथे घासाघीस करू नका. ती सवय बँकॉकच्या बाजारात वापरा.