अदृश्य असणं वेगळं, लपलेलं असणं वेगळं

डंजन्स अँड ड्रॅगन्स (डी अँड डी) या फासे टाकून पात्रं खेळवायच्या टेबलखेळात, लढाईच्या वेळी एखादा जादूगार अदृश्य झाला की टेबलावर हमखास वाद होतो. खेळाडू म्हणतो, "मी दिसतच नाही, मग समोरच्या ऑगर राक्षसाला मी कुठे उभा आहे हे कसं कळेल?" डीएम, म्हणजे खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणतो, "कळेल." खेळाडूला हा अन्याय वाटतो. पण पाचव्या आवृत्तीचे २०१४चे नियम उघडून पाहिले तर डीएमचंच बरोबर निघतं.

त्या नियमांत दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. शत्रू तुम्हाला पाहू शकतो का, हा पहिला. तुम्ही पटावरच्या कोणत्या घरात आहात हे त्याला माहीत आहे का, हा दुसरा. अदृश्यता फक्त पहिल्याचं उत्तर देते. चिलखत खुळखुळतं, पाऊल वाजतं, चिखलात ठसे उमटतात, आणि त्यावरून तुमची जागा कळू शकते असं नियमातच लिहिलेलं आहे. लपलेलं असायचं तर दिसणं आणि ऐकू येणं ही दोन्ही थांबायला हवीत. त्यासाठी आपल्या पाळीतली कृती (अॅक्शन) हाइडवर, म्हणजे लपण्यावर, खर्च करून स्टेल्थचा, म्हणजे चोरपावलांच्या कौशल्याचा, फासा टाकावा लागतो आणि तो समोरच्याच्या पॅसिव्ह परसेप्शनला, म्हणजे मुद्दाम न शोधतानाच्या त्याच्या सावधपणाच्या ठरलेल्या आकड्याला, भारी पडावा लागतो.

मग लपायच्या कामी अदृश्यतेचा उपयोग काय? एरवी लपायला आडोसा किंवा दाट काळोख शोधावा लागतो. अदृश्य पात्राला मोकळ्या दालनाच्या मधोमध उभं राहूनही लपायचा प्रयत्न करता येतो. पण तो प्रयत्नच असतो आणि तो फसूही शकतो.

लढाईत याचा हिशेब असा. अदृश्य आहात, पण लपलेले नाही: शत्रू तुमच्या घरावर वार करू शकतो, फक्त डिसअॅडव्हांटेजने, म्हणजे वीस बाजूंचे दोन फासे टाकून लहान आकडा घ्यायचा. तुमचे वार मात्र अॅडव्हांटेजने, म्हणजे दोनांतला मोठा आकडा घेऊन, होतात. वार लागायला फाशावर ११ किंवा जास्त हवा असेल तर एरवीची शक्यता ५० टक्के असते. डिसअॅडव्हांटेजने ती २५वर येते, अॅडव्हांटेजने ७५वर जाते. आता याच्या जोडीला लपलेलेही असाल तर शत्रूला आधी घराचा अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला तर वार आपोआप फुकट, आणि चांगला डीएम फक्त "चुकला" एवढंच सांगतो. घर चुकलं की फासा कमी पडला, हे तो सांगत नाही. माझ्या मते खरं संरक्षण इथे आहे. कमी शक्यतेचा का होईना, नेम धरता येणं आणि नेम कुठे धरायचा हेच न कळणं, यांत मोठं अंतर आहे.

उलट बाजूने, लपलेला पण अदृश्य नसलेला धनुर्धारी पहिला बाण अॅडव्हांटेजने सोडतो. बाण लागो वा न लागो, त्याची जागा उघडी पडते.

असं असलं तरी नुसत्या अदृश्यतेला कमी लेखू नका. पाचव्या आवृत्तीतले कितीतरी नियम "तुम्हाला दिसत असलेला" या अटीवर उभे आहेत आणि तिथे लपण्याचा काही संबंध नाही. ऑपॉर्च्युनिटी अटॅक, म्हणजे आवाक्यातून निघून जाणाऱ्यावरचा आयता वार, दिसणाऱ्या शत्रूवरच करता येतो, त्यामुळे अदृश्य जादूगार ऑगरच्या हाताखालून सरळ चालत निघून जाऊ शकतो. तो कुठून कुठे गेला हे ऑगरला कळत असलं तरीही. होल्ड पर्सन आणि मॅजिक मिसाइल या मंत्रांनाही लक्ष्य दिसावं लागतं. मंत्र म्हणणारा दिसत नसेल तर त्याच्यावर काउंटरस्पेल हा मंत्र मोडणारा मंत्र टाकता येत नाही. फायरबॉल या आगीच्या गोळ्याच्या मंत्राला मात्र यातलं काहीच लागत नाही. तो जागेवर पडतो.

म्हणून दुसऱ्या पातळीचा इनव्हिजिबिलिटी हा मंत्र मी निसटण्याचा आणि मोक्याची जागा गाठण्याचा मंत्र मानतो. तो तासभर टिकू शकतो, पण तुम्ही हल्ला केला किंवा मंत्र टाकला की संपतो. लढण्यासाठी चौथ्या पातळीचा ग्रेटर इनव्हिजिबिलिटी आहे. तो जेमतेम मिनिटभराचा, पण वार करूनही तुटत नाही. दोन्हींना कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, म्हणजे एक जबर फटका बसला तरी मंत्र सुटू शकतो.

पाथफाइंडर या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीने हा गुंता सर्वांत स्वच्छ सोडवला आहे असं मला वाटतं. तिथे पायऱ्याच वेगळ्या आहेत: ऑब्झर्व्हड (दिसणारा), हिडन (दिसत नाही, पण जागा माहीत), अनडिटेक्टेड (जागाही माहीत नाही), अननोटिस्ड (आहे याचाच पत्ता नाही). कुणी पाहत असताना अदृश्य झालात तर तुम्ही त्याच्यासाठी फक्त हिडन होता. जागा माहीत आहे, पण वार करण्याआधी त्याला साध्या फाशावर ११ गाठावे लागतात. यशस्वीपणे स्नीक करून, म्हणजे चोरपावलांनी, जागा बदललीत तरच अनडिटेक्टेड.

डी अँड डीच्या २०२४च्या नियमांनी उलटी वाट धरली. आडोशाआड, शत्रूच्या नजरेबाहेर राहून स्टेल्थमध्ये १५ गाठले की तुम्हाला इनव्हिजिबल हीच अवस्था मिळते. हल्ला केला, कुजबुजीहून मोठा आवाज केला, बोलून मंत्र टाकला किंवा शत्रूने शोधून काढलं की ती जाते. एक सुधारणा मात्र खरोखर चांगली झाली. २०१४च्या शब्दरचनेत सी इनव्हिजिबिलिटी हा अदृश्य ते दाखवणारा मंत्र टाकून अदृश्य शत्रू दिसला, तरी त्याच्यावर वार करतानाचा डिसअॅडव्हांटेज शब्दशः कायम राहत होता. आता ज्याला तुम्ही दिसता त्याच्याविरुद्ध हा फायदा मिळत नाही. पण दोन्ही गोष्टी एकाच नावाखाली आणल्यामुळे खांबाआडून निघून उजेडात चालत आलेल्या पात्राचं काय करायचं, हा प्रश्न टेबलावर नव्याने उभा राहतो. अशा वेळी मी जुनेच दोन प्रश्न विचारतो. पात्र दिसत नाही, पण जागा माहीत आहे: मिनी, म्हणजे पात्राची छोटी बाहुली, पटावरच राहते. जागाही माहीत नाही: मिनी उचलायची आणि खेळाडूने आपलं घर चिठ्ठीवर लिहून डीएमकडे द्यायचं.