खरूज आंघोळ चुकल्यामुळे होत नाही

'खरूज अस्वच्छ माणसांनाच होते. कडुनिंबाच्या पाण्याने आंघोळ केली की जाते,' असा मेसेज वर्षानुवर्षे फिरतोय. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं, त्यामुळे तो पटतोही पटकन.

पण खरजेचं कारण एक किडा आहे, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. मादी कातडीच्या वरच्या थरात बीळ करून त्यात अंडी घालते. अंगावर ओतलेल्या पाण्याने ती निघत नाही. लागण होते ती कातडीला कातडी बराच वेळ लागल्याने: एका सोलापुरी चादरीत झोपणारी भावंडं, मांडीवरचं बाळ. पहिल्यांदा लागण झाली तर खाज सुटायला ४ ते ६ आठवडे जातात. म्हणजे आज न खाजवणाऱ्याच्या अंगावरही किडा असू शकतो; म्हणूनच औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं.

ओळखायचं कसं? खाज रात्री वाढते, घरात दोघा-तिघांना असते. बोटांच्या बेचक्या, मनगट, कंबर उजेडात बघा. पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक, वाकडी रेघ दिसते का? तिथे शाईचा थेंब लावून पुसला तर बिळातली शाई मागे उरते. खात्री डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आणि गल्लीतलं लूत लागलेलं कुत्रं? त्याचा किडा वेगळ्या प्रकारचा. माणसाला थोडे दिवस खाज देतो, पण आपल्या अंगावर त्याची वीण वाढत नाही. बिचाऱ्याला हाकलून घरातली खरूज जाणार नाही.

चादरी मात्र गरम पाण्यात धुवा. पाणी नसेल तर पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. अंगाबाहेर किडा साधारण २-३ दिवसच तगतो.