गॉथ कोण होते? ‘गॉथिक’ या नावामागचा इतिहास

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसचं वर्णन करताना ‘गॉथिक’ हा शब्द हटकून येतो. राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालयाच्या बाबतीतही तेच. २०१८ साली युनेस्कोने दक्षिण मुंबईतल्या इमारतींना जागतिक वारशाचा दर्जा दिला, तेव्हा त्या समूहाच्या नावातही ‘व्हिक्टोरियन गॉथिक’ आलंच. पण ज्या गॉथ लोकांचं नाव या टोकदार कमानींना लागलं, त्यांनी अशी एकही कमान उभारलेली नाही. ही शैली ११४०च्या सुमारास पॅरिसजवळच्या सँ-दनी मठाच्या चर्चमध्ये आकाराला आली. तोवर गॉथांचं शेवटचं मोठं राज्य बुडून चारशेहून अधिक वर्षं झाली होती.

हे नाव इटलीतल्या कलापंडितांनी दिलं, तेही तुच्छतेने. चित्रकार आणि चरित्रकार जॉर्जो वाझारी याने १५५० साली लिहिताना या शैलीचा दोष सरळ गॉथांच्या माथी मारला. त्याच्या लेखी ते रोम लुटणारे रानटी लोक होते. पुढे शैलीला मान मिळाला, शब्दातला तिरस्कार गेला आणि मूळ माणसं मात्र तशीच मागे राहिली. त्यांची गोष्ट सांगायला हवी असं मला मनापासून वाटतं.

जॉर्डानेस या लेखकाने सहाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या राजधानीत (आजचं इस्तंबूल), गॉथांचा इतिहास लिहिला. स्कँडिनेव्हियातून तीन जहाजांत बसून पूर्वज निघाले, अशी दंतकथा त्यात आहे. पुरातत्त्वाचा माग आजच्या पोलंडमधल्या व्हिश्चुला नदीच्या खोऱ्यातून काळ्या समुद्राच्या उत्तरेला, म्हणजे आजच्या युक्रेनकडे जातो. वाटेत अनेक टोळ्या मिसळल्या, तुटल्या, पुन्हा जुळल्या. त्यामुळे ‘गॉथ’ ही एका रक्ताची जमात मानणं चूक ठरेल. इसवी सन २५१ मध्ये त्यांनी अब्रिटसच्या लढाईत सम्राट डेसियसला ठार केलं आणि रोमला त्यांची खरी दखल घ्यावी लागली.

खरं वळण आलं ३७६ साली. पूर्वेकडून हूण चालून आले आणि हजारो गॉथ बायकापोरांसह डॅन्यूब नदीच्या काठाशी येऊन थांबले. आम्हाला पलीकडे येऊ द्या, अशी त्यांनी विनवणी केली. सम्राट व्हालेन्सने परवानगी दिली. पुढचं अम्मियानस मार्सेलिनस या त्याच काळातल्या रोमन इतिहासकाराने लिहून ठेवलं आहे. रोमन अधिकाऱ्यांनी निर्वासितांचं अन्न अडवलं आणि कुत्री गोळा करून ती त्यांना खायला विकली. एका कुत्र्याची किंमत होती एक माणूस, गुलाम म्हणून द्यायचा. गॉथ सरदारांची मुलंसुद्धा या सौद्यात गेली. रोमन माणसानेच रोमन अधिकाऱ्यांबद्दल हे नोंदवलंय, हे विसरता येत नाही. उठाव झाला आणि ९ ऑगस्ट ३७८ रोजी एड्रियानोपलच्या मैदानात रोमन सैन्याचा सुमारे दोन तृतीयांश भाग कापला गेला. व्हालेन्सचं प्रेतही सापडलं नाही.

रोम लुटणारा गॉथांचा राजा अलारिक या पार्श्वभूमीतून आला. तो आधी रोमच्याच बाजूने लढला होता. त्याला आपल्या लोकांसाठी जमीन, धान्य आणि स्वतःसाठी सेनापतीपद हवं होतं. बोलणी पुन्हा पुन्हा फिसकटली. ४०८ साली त्याने रोमला वेढा घातला तेव्हा शहराने खंडणी कबूल केली: ५,००० पौंड सोनं, ३०,००० पौंड चांदी, ४,००० रेशमी अंगरखे, लाल रंगवलेली ३,००० कातडी आणि ३,००० पौंड मिरी. रोमच्या कोठारातली ही मिरी आपल्याकडच्या मलबार किनाऱ्यावरून जहाजांनी जात असे. वाटाघाटी तरीही तडीस गेल्या नाहीत. २४ ऑगस्ट ४१० रोजी गॉथ शहरात शिरले. लूट तीन दिवस चालली. पीटर आणि पॉल या संतांच्या चर्चमध्ये आसरा घेतलेल्यांना हात लावायचा नाही, असा अलारिकचा हुकूम होता.

पुढे गॉथांच्या दोन शाखांची, व्हिसिगॉथ आणि ऑस्ट्रोगॉथ यांची, दोन राज्यं उभी राहिली. व्हिसिगॉथ आधी दक्षिण फ्रान्समध्ये आणि मग स्पेनमध्ये स्थिरावले. ऑस्ट्रोगॉथांनी थिओडोरिकच्या हाताखाली ४९३ साली इटली घेतली. थिओडोरिक लहानपणी कॉन्स्टँटिनोपलच्या दरबारात दहा वर्षं ओलीस म्हणून राहिला होता, त्यामुळे रोमन कारभार त्याने आतून पाहिला होता. आधीचा राजा ओडोएसर याला त्याने मेजवानीत स्वतःच्या हाताने मारलं आणि अखेरच्या वर्षांत तत्त्वज्ञ बोएथियसला देहदंड दिला. त्याच थिओडोरिकच्या नावाने जिनोआतल्या ज्यूंना गेलेल्या पत्रात मात्र वाक्य आहे की धर्म आम्ही लादू शकत नाही, कारण मनाविरुद्ध श्रद्धा ठेवायला कोणालाही भाग पाडता येत नाही.

रॅव्हेन्ना शहरात त्याने बांधलेलं सांत आपोल्लिनारे नुओव्हो हे चर्च अजून उभं आहे. आतल्या भिंतीवर सोनेरी मोझेकमध्ये त्याचा राजवाडा आहे. कमानींच्या ओळीत मधोमध पडदे लोंबताना दिसतात. जवळून पाहिलं तर खांबांवर तुटक हात दिसतात, मनगटापासून पुढचे, शरीर नसलेले. त्या कमानींत आधी माणसं होती, बहुधा राजा आणि त्याचे दरबारी. गॉथ एरियन पंथाचे ख्रिस्ती होते, म्हणजे येशूला देवपित्यापेक्षा कनिष्ठ मानणारे, आणि साम्राज्याच्या चर्चच्या लेखी हे पाखंड होतं; पूर्व रोमन सम्राट जस्टिनियनने इटली जिंकल्यावर ही चित्रं काढून तिथे पडदे बसवले. खांबांवर आलेले हात तेवढे राहून गेले.

गॉथांचा सगळ्यात मोठा ठेवा शाईतला आहे. चौथ्या शतकात वुल्फिला नावाच्या बिशपने गॉथिक भाषेसाठी लिपी घडवली, मुख्यतः ग्रीक अक्षरांवरून, आणि बायबलचं भाषांतर केलं. राजांच्या लढायांची पुस्तकं त्याने गाळली म्हणतात. आपल्या लोकांना युद्धाचं आणखी वेड नको, हे कारण. या भाषांतराची एक प्रत जांभळ्या चर्मपत्रावर चांदीच्या आणि सोन्याच्या शाईने लिहिलेली आहे. मूळच्या ३३६ पानांपैकी १८८ उरली आहेत. १६४८ साली स्वीडिश सैन्याने प्रागच्या लुटीत ती नेली आणि १६६९पासून ती उप्साला विद्यापीठात आहे.

त्यातली प्रार्थना सुरू होते: ‘अत्ता उन्सार थु इन हिमिनाम, वीहनै नामो थीन’. हे ‘नामो’ म्हणजे आपलं नाव. विधवेला गॉथिकमध्ये ‘विदुवो’ म्हणतात, आठ म्हणजे ‘अह्ताउ’ (संस्कृतात अष्टौ) आणि बैलांच्या मानेवरचं जू म्हणजे ‘युक’. १७८६ साली विल्यम जोन्सने कलकत्त्यात संस्कृतचं ग्रीक-लॅटिनशी नातं सांगितलं, तेव्हा त्याच कुळात त्याने गॉथिकही धरली होती. जर्मन भाषाशास्त्रज्ञ फ्रान्झ बॉपच्या तौलनिक व्याकरणातही संस्कृत आणि गॉथिक शेजारी बसतात.

दुसरा ठेवा नावांत आहे. स्पेनमधलं व्हिसिगॉथांचं राज्य ७११ साली अरब-बर्बर फौजांपुढे कोसळलं, पण त्यांची नावं स्पॅनिश-पोर्तुगीज घरांत टिकली. रॉद्रिगो, फर्नांदो आणि अल्फोन्सो ही त्यातलीच. पोर्तुगीजांबरोबर ती वसईला आणि गोव्याला आली. रॉड्रिग्ज म्हणजे रॉद्रिगोचा मुलगा. रॉद्रिगोत ‘कीर्ती’ आणि ‘रीक्स’, म्हणजे सत्ताधीश, असे दोन शब्द आहेत. ‘रीक्स’ गॉथांनी केल्टिक शेजाऱ्यांकडून घेतला, आणि त्याचं मूळ आपल्या ‘राजा’शी एक आहे.

जुन्नरचा उल्लेखही इथे करायला हवा. तिथल्या लेण्यांत इरिल आणि चिट या दोन ‘यवनां’च्या (म्हणजे पश्चिमेकडून आलेल्या परकीयांच्या) दानाचे लेख आहेत. इरिलने पाण्याच्या दोन पोढ्या (टाकी) दिल्या, चिटने भोजनमंडप. दोघांच्या नावापुढे ‘गत’ असा शब्द येतो. तो ‘गॉथ’ असावा, असा तर्क नॉर्वेचे संस्कृतज्ञ स्टेन कोनो यांनी मांडला होता. मला तो पटत नाही. या लेखांच्या काळात गॉथ समुद्री व्यापाराच्या वाटेपासून फार दूर होते, आणि केवळ ध्वनिसाम्यावर एवढी मोठी उडी घेता येत नाही.

गॉथिक बोलणारे शेवटी उरले ते क्रिमियात. ओगिए द बुसबेक हा फ्लेमिश राजदूत सोळाव्या शतकात कॉन्स्टँटिनोपलमध्ये होता. तिथे भेटलेल्या क्रिमियातल्या दोन माणसांकडून त्याने काही डझन शब्द उतरवून घेतले. त्या यादीत हाताला ‘हांडा’, ताऱ्याला ‘स्टेर्न’ आणि दाराला ‘थुर्न’ आहे.