टुटू आखूड का झाला?

ज्या आखूड, ताठ, पांढऱ्या घेराशिवाय आज बॅलेचं पोस्टर छापलं जात नाही, तो घेर म्हणजे टुटू. तो रंगमंचावर आला तेव्हा ही कला दोनशे वर्षांची झालेली होती. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने पॅरिसमध्ये नृत्याची अकादमी काढली ती १६६१ साली. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी दिसू लागल्या १६८१ पासून, आणि त्या नाचत दरबारी थाटात: जमिनीला टेकणारा जड झगा, उंच टाचांचे बूट, चेहऱ्यावर मुखवटा. पुढे अठराव्या शतकात झग्याखाली कमर दोन्ही बाजूंनी फुगवणारा सांगाडाही आला. अशा पोशाखात उडी मारायची सोयच नव्हती. गंमत म्हणजे, गुडघ्यापर्यंतचा ताठ, फुगीर घेर त्या काळात पुरुष नर्तक घालत. पाय दाखवायची मुभा त्यांना होती, त्यामुळे उड्या, गिरक्या आणि टाळ्याही त्यांच्याच वाट्याला जात.

टुटूकडे परीकथेतला पोशाख म्हणून पाहायची सवय आपल्याला लागली आहे. त्याचा इतिहास चाळला की तो कामाचा कपडा वाटू लागतो. पायांनी काही नवं शिकायचं आणि कापडाने मुकाट वाट सोडायची, असं बराच काळ चाललं.

पहिली वाट करून घेतली मारी कामार्गोने. १७२६ मध्ये पॅरिस ऑपेरात दाखल झालेली ही नर्तकी हवेत उडी घेऊन पायांची झपाट्याने अदलाबदल करत असे. ही करामत तोवर पुरुषांची मानली जाई. आपण काय करतो ते प्रेक्षकांना दिसावं म्हणून तिने झगा घोट्याच्या वर घेतला आणि टाचांचे बूट सोडून दिले. काही बोटं कापड कमी झालं, पण तेवढ्यावरून चर्चेला ऊत आला. तिची प्रतिस्पर्धी मारी साले हिने १७३४ मध्ये लंडनला वेगळाच पवित्रा घेतला: सांगाडा काढून टाकला, केस मोकळे सोडले आणि साध्या मलमलीच्या वस्त्रात ती उभी राहिली. तिचा भर अभिनयावर होता. कपड्याने त्याच्या आड येऊ नये, एवढंच तिचं म्हणणं.

खरी उलथापालथ झाली १२ मार्च १८३२ रोजी. पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’ या परीच्या कथेवरच्या बॅलेचा पहिला प्रयोग झाला आणि मारी ताल्योनी चवड्यांच्या टोकावर तरंगल्यासारखी नाचली. अंगाला घट्ट चोळी, उघडे खांदे, पाठीला चिमुकले पंख आणि पोटऱ्यांपर्यंत उतरणारा घंटेच्या आकाराचा पांढरा पारदर्शक घेर. हाच तो ‘रोमँटिक टुटू’. पण हे नाव नंतरचं. ‘टुटू’ हा शब्दच १८८०च्या दशकात रुळला. या पांढऱ्या मायेमागे दोन अगदी रोखठोक गोष्टी होत्या. ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे आले होते, त्यामुळे प्रकाश मंद करून चांदण्याचा आभास उभा करता येऊ लागला आणि त्यात पांढरं तलम कापड उजळून निघे. दुसरी गोष्ट यंत्राची. इंग्लंडच्या जॉन हीथकोटने १८०९ मध्ये जाळी विणणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं होतं. हाताने विणताना सोन्याच्या मोलाची ठरणारी जाळी आता थरांवर थर लावण्याइतकी परवडू लागली. १८४१ च्या ‘जिझेल’ या बॅलेत लग्नाआधीच मेलेल्या मुलींचा अख्खा तांडा याच पांढऱ्या वेशात अवतरला. परी काय नि भूत काय, घेर तोच.

गॅसची उघडी ज्योत आणि हवा धरून ठेवणारी जाळी एकत्र आली की काय होतं, तेही लवकरच दिसलं. डिसेंबर १८४४ मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन थिएटरात क्लारा वेबस्टर हिच्या कपड्यांनी भर प्रयोगात पेट घेतला आणि त्यातच ती गेली. पॅरिसमध्ये १८५९ साली सरकारी हुकूम निघाला की रंगमंचावरचे कपडे कार्तेरॉनच्या रासायनिक द्रावणात बुडवून अग्निरोधक करावेत. द्रावण काम चोख करी, पण कापड कडक आणि पिवळट पडे. तरंगायचं होतं त्या कपड्याचाच बोजा होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने असा घेर घालायला साफ नकार दिला, तोही लेखी.

१५ नोव्हेंबर १८६२. तालीम चालू होती, लिव्री विंगेत आपल्या प्रवेशाची वाट पाहत होती. घेर चुरगळू नये म्हणून तिने तो उचलला आणि तो जवळच्या गॅसच्या ज्योतीला लागला. घाबरून ती रंगमंचावर धावली. धावण्याने आग आणखी भडकली. लोकांनी तिला कशीबशी विझवली, तोवर चोळीच्या पट्ट्या अंगात रुतल्या होत्या. आठ महिने यातना सोसून जुलै १८६३ मध्ये ती वारली. वय वीस. तिच्या त्या पोशाखाच्या जळक्या चिंध्या पॅरिस ऑपेराच्या संग्रहालयात जपून ठेवल्या आहेत. तिच्या हट्टाला नुसतं सौंदर्याचं खूळ म्हणणं मला जड जातं. ताठ कापडात तिची कला उरत नव्हती, आणि निवड करायची होती ती या दोन वाइटांतून.

पुढचं पाऊल इटलीच्या नर्तकींनी टाकलं. मिलानच्या शाळेत तयार झालेल्या या बायकांचे पाय पोलादी होते, आणि टोकाला टणक केलेले बूट त्यांच्या मदतीला होते. व्हर्जिनिया झुकी १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला गेली तेव्हा तिथल्या रिवाजापेक्षा आखूड घेर तिने हट्टाने घातला. पिएरिना लेन्यानीने १८९५ च्या ‘स्वान लेक’मध्ये एका पायावर सलग ३२ गिरक्या घेतल्या. हे पोटऱ्या झाकून दाखवणार कसं? घेर गुडघ्याच्या वर सरकला आणि पुढच्या दशकांत आखूड होत होत कमरेशी आडवा झाला. क्लासिकल टुटू म्हणतात तो हाच.

त्याला विरोधही झाला. नृत्यरचनाकार मिखाईल फोकिनचा सवाल सरळ होता: कथा इजिप्तची असो वा ग्रीसची, बाई त्याच पांढऱ्या घेरात का? रशियन निर्माता द्यागिलेवच्या ‘बॅले रूस’ मंडळीने १९०९ नंतर पॅरिसला रंगीबेरंगी सलवारी आणि अंगरखे दाखवले. तरी टुटू हटला नाही. उलट विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तारेचं कडं घालून त्याची पार थाळी केली गेली. थाळीची अडचण वेगळी. घोळक्यात नाचताना कडा एकमेकींवर आपटतात, आणि एक बाजू दबली की दुसरी वर उडते. न्यूयॉर्क सिटी बॅलेसाठी कपडे करणाऱ्या बार्बरा कारिन्स्काने १९५०च्या सुमारास, नृत्यरचनाकार बॅलन्शीनच्या ‘सिंफनी इन सी’ या बॅलेच्या वेळी, तारच काढून टाकली. कमी-जास्त लांबीचे जाळीचे सहा-सात आखूड थर तिने सैल टाके घालून जोडले. घेर स्वतःच स्वतःला तोलू लागला. अमेरिकेत हा ‘पावडर पफ’ टुटू आजही चालतो.

हातात घेतला तर टुटू फारसा नाजूक लागत नाही. आत घट्ट चड्डी. तिच्यावर खालून वर क्रमाने लांब होत जाणारे नायलॉनच्या जाळीचे दहा-बारा थर, प्रत्येक चुणी घालून शिवलेला. मग नितंबांवर बसणारी पट्टी आणि अनेक कळ्यांची चोळी. पाठीला हुकांच्या दोन-तीन ओळी असतात, कारण एकच टुटू वेगवेगळ्या अंगलटीच्या नर्तकींना वर्षानुवर्षं पुरवायचा असतो. आतल्या पट्टीवर त्यांची नावं एकाखाली एक शिवलेली सापडतात. कपाटात तो सहसा उलटा टांगतात, नाहीतर थर लोंबू लागतात. धुतला तर जाळीचा ताठपणा जातो, म्हणून प्रयोगानंतर घामाचा वास घालवायला कित्येक मंडळ्यांतले कपडेवाले त्यावर चक्क व्होडका फवारतात.