एंडोसल्फान : विघटनाच्या मोजणीचा वाद

कीटकनाशकाचे विघटन झाले म्हणजे त्याचे विष संपले, हा समज फार आधीच खोटा ठरला होता. डीडीटीला न जुमानणाऱ्या घरमाश्या त्यातील हायड्रोजन क्लोराइड काढून टाकून त्याचे डीडीई करतात आणि जगतात, हे १९५० च्या दशकात स्पष्ट झाले; माशीला वाचवणारे हेच डीडीई पुढे शिकारी पक्ष्यांच्या चरबीत साठून त्यांच्या अंड्यांची कवचे पातळ करताना आढळले. पॅराथिऑन या कीटकनाशकातील गंधकाच्या जागी शरीरातील विकर (एन्झाइम) ऑक्सिजन बसवतात आणि त्यातून तयार होणारे पॅराऑक्सॉनच मज्जासंस्थेवर खरा आघात करते. ऑल्ड्रिन या कीटकनाशकाचे डिल्ड्रिन हे विषारीच रसायन होते, तेही पिकात आणि प्राण्यात सारखेच.

एवढे माहीत असूनही एंडोसल्फानच्या बाबतीत अवशेष नेमका कशाचा मोजायचा, हा प्रश्न दीर्घकाळ लांबला. १९५० च्या दशकात बाजारात आलेले हे कीटकनाशक म्हणजे अल्फा आणि बीटा या दोन समघटकांचे (अणू तेच, पण त्यांची मांडणी वेगळी असलेल्या रूपांचे) सुमारे ७:३ प्रमाणातील मिश्रण. बोंडअळीमुळे ते कापूस उत्पादकांच्या चांगलेच परिचयाचे होते. फवारणीनंतर अल्फा समघटक पानांवरून लवकर उडून जातो, म्हणून केवळ मूळ रेणू तपासला तर काही दिवसांतच आकडे समाधानकारक दिसतात. मात्र जो भाग पानात, मातीत किंवा प्राण्याच्या शरीरात राहतो, त्यातील सल्फाइट गटाला आणखी एक ऑक्सिजन अणू जोडला जाऊन एंडोसल्फान सल्फेट तयार होते. ते मूळ रेणूइतकेच विषारी आणि त्याहून चिवट असते. जनावरांच्या शरीरात डायोल, लॅक्टोन यांसारखे पाण्यात अधिक विरघळणारे पदार्थही बनतात आणि ते मलमूत्रावाटे बाहेर पडतात. सल्फेट मात्र चरबीत आणि दुधात सापडते.

अन्नातील अवशेषांची कमाल मर्यादा ठरवताना दोन्ही समघटक आणि सल्फेट यांची बेरीज धरण्याची पद्धत रूढ झाली. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत एंडोसल्फान घालण्याची चर्चा सुरू झाली, तेव्हा मात्र तोच हिशेब वादग्रस्त ठरला. पदार्थ टिकाऊ मानण्यासाठी मातीतील अर्धायुष्य (निम्मा पदार्थ नाहीसा होण्यास लागणारा काळ) सहा महिन्यांहून अधिक असावे, असा एक निकष होता. समघटक वेगवेगळे मोजले तर बऱ्याच चाचण्यांत ही अट पूर्ण होत नव्हती. सल्फेट धरून तिघांचा एकत्रित विचार केला तेव्हा प्रयोगशाळेतील आकडे साधारणतः २८ ते ३९१ दिवसांपर्यंत पसरलेले दिसले. आकड्यांचा हा विस्तार यादीत घालू पाहणारे आणि त्याला विरोध करणारे अशा दोन्ही बाजूंना सोयीचा होता. भारताने पुराव्यांवर आणि कार्यपद्धतीवरही आक्षेप घेतला, आणि एकमत न झाल्याने तज्ज्ञ समितीत मतदान घ्यावे लागले. ज्या मुलाच्या रक्तात किंवा ज्या गायीच्या दुधात सल्फेट उतरते, त्यांच्या दृष्टीने मूळ रेणू लवकर नाहीसा झाला या युक्तिवादाला अर्थ नव्हता; त्यामुळे बेरजेचा हिशेब स्वीकारणे हेच योग्य होते, किंबहुना ते आधीच व्हायला हवे होते.

केरळमधील कासरगोडच्या काजूबागांवर सुमारे दोन दशके झालेल्या हवाई फवारणीनंतरच्या आजारांमुळे तोवर हा विषय देशभर पोचला होता. एप्रिल २०११ मध्ये एंडोसल्फान आंतरराष्ट्रीय यादीत आले, काही पिकांसाठी मुदतीच्या सवलती ठेवून. आणि १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशात त्याच्या उत्पादनावर, विक्रीवर व वापरावर अंतरिम बंदी घातली.

आज नव्या कीटकनाशकाच्या नोंदणीसाठी त्याच्या रेणूत किरणोत्सारी कार्बन-१४ घालून तो निरनिराळ्या पिकांत, उंदरांत, दुभत्या शेळीत आणि अंडी देणाऱ्या कोंबडीत कोणकोणत्या रूपांत जातो, याचा माग काढला जातो. अवशेषाच्या व्याख्येत कोणते उत्पाद धरायचे, हे त्यावरून ठरते.